बारावीनंतर मेडिकल इमेजिंग: कोर्सच्या आधी रुग्णालय बघा

सीटी स्कॅनच्या रिपोर्टखाली सही असते रेडिओलॉजिस्टची. पण पेशंटला टेबलावर नीट झोपवणारा, कॅन्युला शिरेतच आहे ना हे तपासणारा, काचेपलीकडून "श्वास रोखा" सांगणारा आणि पेशंट हललाय म्हटल्यावर स्कॅन पुन्हा घ्यायचा की आहे त्यावर भागवायचं हे ठरवणारा माणूस वेगळाच असतो. बारावीचा निकाल लागला की विचारणा सुरू होते, "रेडिओलॉजी करायचीय, कोणता कोर्स चांगला?" विचारणाऱ्या बहुतेकांना या दोन माणसांतला फरक कुणी सांगितलेला नसतो, आणि जाहिराती तर तो मुद्दाम पुसूनच टाकतात. म्हणून आधी तेवढं स्पष्ट करू.

रेडिओलॉजिस्ट हा डॉक्टर. साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप, मग नीट-पीजी आणि पुढे तीन वर्षं एमडी किंवा डीएनबी. पीजीच्या समुपदेशनात ज्या शाखांच्या जागा सगळ्यात आधी संपतात त्यांत ही शाखा असते. त्याचं काम चित्र वाचून निदान करायचं, शिवाय सोनोग्राफी आणि सुईने नमुना घेण्यासारख्या प्रक्रिया करायच्या. दुसरा माणूस म्हणजे टेक्नॉलॉजिस्ट. रुग्णालयात त्याला अजूनही टेक्निशियन किंवा रेडिओग्राफरच म्हणतात आणि सरकारी जाहिरातीत तो 'क्ष-किरण तंत्रज्ञ' असतो. चित्र तयार करणं हे त्याचं काम. तिसरा मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे एम.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) डिप आरपी, म्हणजे रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका, किंवा तत्सम कोर्स केलेला. मात्र आपल्याकडे हे लोक इमेजिंगपेक्षा कॅन्सरच्या रेडिएशन उपचारांत जास्त दिसतात. चौथा बायोमेडिकल किंवा कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर, ज्याची आठवण मशीन बंद पडल्यावरच होते.

बारावी सायन्सनंतर नीटचा फास न घेता ज्या दारातून आत जाता येतं ते यांतलं दुसरं दार, टेक्नॉलॉजिस्टचं. पुढचं सगळं त्याबद्दलच.

छातीचा एक साधा एक्स-रे

"बटण तर दाबायचं असतं, त्यात काय शिकायचं?" हे वाक्य या धंद्यातल्या प्रत्येकाने नातेवाइकांकडून ऐकलेलं आहे. त्याचं उत्तर जिल्हा रुग्णालयातल्या सगळ्यात साध्या तपासणीत आहे. चिठ्ठीवर लिहिलंय 'चेस्ट पीए', म्हणजे पाठीकडून किरण सोडून घ्यायचा छातीचा एक्स-रे. समोर पन्नाशीच्या बाई, महिनाभर खोकला.

पहिल्यांदा नाव आणि वय चिठ्ठीशी ताडून बघायचं, कारण रांगेत एकाच आडनावाच्या तिघी असतात. तरुण बाई असेल तर दिवस गेलेत का, हे नीट शब्दांत आणि नवऱ्यासमोर नाही, असं विचारायचं. मग मंगळसूत्र. ते काढायला अनेक जणी तयार नसतात आणि त्यावरून हुज्जत घालून उपयोग नसतो. सासूबाईंच्या हातात ठेवा, दोन मिनिटांत परत घाला, असं सांगितलं की बहुतेकदा जमतं. मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिना, गळ्यातला ताईत, ब्लाऊजचे हूक हे सगळं फिल्मवर पांढरं उमटतं. आणि वेणी. जाड, तेल लावलेली वेणी खांद्यावरून पुढे राहिली तर तिची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडते. टीबीचा डाग डॉक्टर नेमका तिथेच शोधत असतात. वेणी डोक्यावर बांधून घ्यायला दहा सेकंद लागतात. ती राहिली तर पेशंटला दुसरा एक्स-रे, थुंकीची तपासणी आणि आठवडाभराची काळजी.

मग उभं करायचं. छाती पुढच्या पॅनेलला टेकलेली, हनुवटी वर, हात कमरेवर आणि कोपरं पुढे, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. ट्यूब साधारण १८० सेंटिमीटर मागे. इतकं अंतर का? किरण एका बिंदूतून पसरत निघतात, त्यामुळे ट्यूब जवळ असेल तर हृदयाची सावली फुगते. पाठीमागून किरण सोडायचे तेही याच कारणासाठी: हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, ते पॅनेलच्या जवळ राहतं. आयसीयूत पडून असलेल्या पेशंटचा पोर्टेबल एक्स-रे समोरून आणि कमी अंतरावरून घ्यावा लागतो, म्हणून त्यात हृदय मोठं दिसतं. फिल्मवर 'एपी', म्हणजे समोरून घेतलेला, असं लिहायला विसरलात तर एखादा ज्युनिअर डॉक्टर हार्ट फेल्युअरचा विचार सुरू करू शकतो.

"मोठा श्वास घ्या... रोखा." फोटो आला. आता तो बघायचा: छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या वर मागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतायत का, गळ्याच्या हाडांची दोन टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, डावी-उजवीची खूण योग्य बाजूला आहे का. श्वास अर्धवट घेतला असेल तर फुप्फुसांचा खालचा भाग दाटून पांढरा दिसतो आणि नसलेला न्यूमोनिया दिसायला लागतो.

राहिला बटणाचा भाग. किरणांची भेदण्याची ताकद ठरवतो केव्ही, म्हणजे ट्यूबला दिलेला दाब किलोव्होल्टमध्ये; त्यांचं प्रमाण ठरवतो एमएएस, म्हणजे विजेचा प्रवाह गुणिले वेळ. पूर्वी फिल्म डार्करूममध्ये धुवायची तेव्हा मात्रा जास्त झाली की फिल्म काळी पडायची, आणि चूक सगळ्यांना दिसायची. आताच्या डिजिटल मशीनमध्ये सॉफ्टवेअर उजेड सावरून घेतं. मात्रा दुप्पट दिली तरी चित्र छानच दिसतं, उलट थोडं जास्त गुळगुळीत. त्यामुळे वर्षभरात नकळत सगळ्यांचेच आकडे वर सरकत जातात आणि डोस पेशंटला बसतो. हे ओळखायला पडद्यावर एक्स्पोजर इंडेक्स नावाचा आकडा असतो. तो रोज बघणारा टेक्नॉलॉजिस्ट आणि तो कशासाठी आहे हेच माहीत नसणारा टेक्नॉलॉजिस्ट, दोघंही तेच बटण दाबतात.

सीटी आणि एमआरआय

विल्हेल्म राँटगेनला क्ष-किरण सापडले १८९५ च्या नोव्हेंबरात, जर्मनीतल्या व्युर्झबुर्गला. पुढची पंचाहत्तर वर्षं शरीराची फक्त सावली मिळत होती, पुढचं-मागचं सगळं एकावर एक. ते बदललं ब्रिटिश इंजिनियर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी. ईएमआय या कंपनीत काम करताना त्यांनी बनवलेल्या मशीनवर १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमधल्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी झाला. १९७९ चं नोबेल त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर मिळालं. हाउन्सफिल्ड यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, हे इंजिनियरिंगचं डिप्लोमा कॉलेज मिळाल्यामुळे हिरमुसलेल्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

सीटीत ट्यूब पेशंटभोवती फिरते, शेकडो कोनांतून मोजमापं घेते आणि संगणक त्यावरून शरीराच्या आडव्या कापातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतो. त्या आकड्यांचं एकक हाउन्सफिल्ड यांच्याच नावाने आहे. पाणी म्हणजे शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, मेंदू तीस-चाळीस, ताजं रक्त पन्नास ते सत्तर, हाड कित्येक शेकडा. अर्धांगवायूचा पेशंट रात्री दोनला येतो तेव्हा प्रश्न असतो की मेंदूत रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय, कारण दोन्हींचे उपचार उलटे आहेत. मेंदू आणि रक्त यांच्यातला फरक वीस-तीस आकड्यांचाच. डोळ्याला एवढ्या सगळ्या छटा एकदम दिसत नाहीत, म्हणून हव्या त्या पट्ट्यातले आकडेच पडद्यावर पसरायचे असतात. त्याला 'विंडो' म्हणतात. मेंदूची विंडो ठेवून फुप्फुस बघितलं तर नुसता काळोख दिसेल.

सीटीतली सगळ्यात जोखमीची वेळ कॉन्ट्रास्टची. रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून आयोडीन असलेलं औषध इंजेक्टर मशीन सेकंदाला तीन ते पाच मिलिलिटर वेगाने शिरेत ढकलतं. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघितलं का, पूर्वी कधी ॲलर्जी झाली होती का, सुई कुठे आहे? मनगटाच्या बारीक शिरेतली सुई एवढा दाब सोसत नाही. औषध कातडीखाली पसरलं की हात सुजतो. आणि वेळ चुकली, म्हणजे फुप्फुसाच्या धमनीत औषध पोचायच्या आधी किंवा ते पुढे गेल्यावर स्कॅन सुरू केला, तर गुठळी असूनही दिसत नाही. हे पुस्तकात एका परिच्छेदात असतं. हातात यायला वर्ष जातं.

एमआरआयचा मामला वेगळा. इथे क्ष-किरण नाहीत. शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, त्यांत हायड्रोजन. जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओ लहरींनी हलवायचं आणि ती पूर्वस्थितीत येताना जो संदेश देतात त्यावरून चित्र उभं करायचं. या कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे सर्रास दिसणारं मशीन १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट. चुंबकाची वेटोळी द्रव हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसला थंड ठेवलेली असतात, आणि ती रविवारी, रात्री, वीज गेली तरी चालूच असतात. एमआरआयचं चुंबक 'बंद' नसतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकाने ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकलं. सिलिंडरसकट तो खेचला गेला आणि त्याचा जीव गेला.

म्हणून एमआरआयच्या दारात उभा राहणारा माणूस कडक लागतो. पेसमेकर आहे का? मेंदूच्या रक्तवाहिनीला क्लिप लावलीय का? लेथवर किंवा वेल्डिंगचं काम करता का, कारण डोळ्यात गेलेला आणि विसरला गेलेला लोखंडाचा कण आत सरकू शकतो. ओळखीचे डॉक्टर, नगरसेवकाचा माणूस, घाईत आलेला वॉर्डबॉय, कुणालाही थांबवता आलं पाहिजे. आत गेल्यावर मात्र तोच माणूस मऊ लागतो. बोगद्यात अर्धा तास, ठोकल्यासारखा आवाज, हलायचं नाही. घाबरलेल्या पेशंटला हातात घंटीचा फुगा देऊन, मधेमधे बोलत राहून स्कॅन पुरा करून घेणं हे कौशल्य कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत.

सोनोग्राफीचं आमिष

हा परिच्छेद पालकांनी दोनदा वाचावा. 'डिप्लोमा इन सोनोग्राफी, शंभर टक्के नोकरी' अशा जाहिराती गावोगावच्या फ्लेक्सवर असतात. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात सोनोग्राफर हा डॉक्टर नसलेला, पण स्वतंत्रपणे तपासणी करणारा व्यावसायिक आहे. इथे तसं नाही. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, जो आपण पीसीपीएनडीटी म्हणून ओळखतो. त्यानुसार सोनोग्राफीचं मशीन नोंदवलेल्या केंद्रातच ठेवता येतं, प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीमागे 'एफ' फॉर्म भरावा लागतो, आणि गरोदर बाईवर प्रोब धरायचा अधिकार कायद्याने पात्र ठरलेल्या डॉक्टरलाच असतो. त्या फॉर्ममधली चूकही किरकोळ मानली जात नाही. केंद्राला टाळं लागू शकतं. तेव्हा बारावीनंतरच्या कोर्सवर सोनोग्राफी सेंटर टाकता येईल असं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं.

ज्या शाखेची जाहिरात जवळजवळ होत नाही ती न्यूक्लिअर मेडिसिन. इथे किरण मशीनमधून नाही, पेशंटच्या शरीरातून बाहेर येतात. औषधाला किरणोत्सारी अणू जोडून ते शिरेत देतात आणि ते कुठे साठलं ते कॅमेऱ्याने बघतात. हाडांच्या स्कॅनला लागणाऱ्या टेक्निशियम-९९एमचं अर्धायुष्य सहा तास. पेट स्कॅनच्या फ्लोरिन-१८ चं फक्त ११० मिनिटं, त्यामुळे ते जिथे तयार होतं त्या सायक्लोट्रॉन यंत्रापासून रुग्णालयापर्यंतचा प्रवास म्हणजे मे महिन्यात बर्फाची लादी टेम्पोतून पाठवण्यासारखा प्रकार: ट्रॅफिकमध्ये अडकलात की हिशेब बदलला. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर हे बीएआरसीचं केंद्र १९६३ पासून या क्षेत्रात आहे आणि विज्ञान पदवीधरांसाठी तिथे वर्षाचा डीएमआरआयटी हा पदविका अभ्यासक्रम चालत आलाय. बी.एस्सी. होऊन पुढे काय म्हणून बसलेल्या मुलामुलींना याची खबर नसते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

किरणांची भीती, आणि मुलीच्या लग्नाचा प्रश्न

मुलगी या कोर्सला जाते म्हटलं की घरात हमखास कुजबुज होते: "रेडिएशन असतं ना, उद्या मूलबाळ?" प्रश्न टाळण्यात अर्थ नाही, कारण भीतीला इतिहास आहे. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांवर काम करणारा क्लॅरेन्स डॅली आधी हातांना आणि मग जिवाला मुकला, १९०४ साली. तेव्हा किरण चालू आहेत का ते स्वतःचा हात मधे धरून बघायची पद्धत होती.

आता आकडे बघू. डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून कुणालाही जगात सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. छातीचा एक एक्स-रे त्याच्या पंचविसाव्या भागापेक्षाही कमी. पोटाचा सीटी आठ-दहा मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक डोसाएवढा. त्यामुळे तो गरजेशिवाय करू नये हे खरंच. पण हे पेशंटचे आकडे झाले. टेक्नॉलॉजिस्ट शिशाच्या काचेमागे असतो. भारतात हे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी ठरवतं आणि त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. रेडिएशन कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३०, ही मर्यादा. बाई गरोदर असल्याचं कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे सर्वसामान्य नागरिकाला लागू असते तेवढीच. अठरा वर्षांखालच्यांना रेडिएशन कामगार म्हणून नेमता येत नाही.

हे मोजतात टीएलडी बॅजने. छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा, साधारण तीन महिन्यांनी वाचायला जातो. व्यवहारात काय होतं? बॅज ॲप्रनच्या खुंटीवर लटकलेला असतो किंवा टेबलाच्या खणात. पहिल्या ठिकाणी तो खोलीचा डोस मोजतो, दुसऱ्या ठिकाणी कशाचाच नाही. बाकी शहाणपण तीन गोष्टींचं: कमी वेळ, जास्त अंतर, मधे शिसं. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो. लहान मूल धरायची वेळ आली तर ते रोज स्वतः धरायचं नाही, आईला किंवा वडिलांना ॲप्रन घालून उभं करायचं. मशीन बंद झालं की खोलीत काहीही उरत नाही. आणि एमआरआयमध्ये या जातीचे किरणच नाहीत. जास्त काळजी घ्यावी लागते ती कॅथलॅबमध्ये, कारण तिथे अँजिओग्राफी चालू असताना खोलीतच उभं राहावं लागतं. खरं सांगायचं तर या पेशात डोसाआधी कंबर जाते. जाडजूड पेशंट ट्रॉलीवरून टेबलावर सरकवायचे दिवसातून कितीदा, ते मोजायला कुणी बॅज देत नाही.

नोकरी, आणि एआय

सरकारी जागा ग्रामीण रुग्णालयापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत असतात. क्ष-किरण तंत्रज्ञ, त्याच्या वर क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी. भरती होते, पण ती कधी निघेल हे निवडणुका आणि न्यायालयातली प्रकरणं ठरवतात. तिच्या भरवशावर घरी बसू नये. अनेक सरकारी रुग्णालयांतलं सीटी-एमआरआय केंद्र आता खासगी कंपनी चालवते. मशीन सरकारी आवारात असलं तरी तुमची नोकरी कंपनीची असते, हे रुजू व्हायच्या आधी समजून घ्यावं. खासगी सेंटरमध्ये सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. नुसता एक्स-रे येणारा तिथेच अडकतो, सीटी-एमआरआयवर हात बसलेल्याला विचारणा होते. आखातात आणि युरोपात मागणी आहे, पण तिथल्या परवान्यासाठी पदवी, नोंदणी आणि अनुभवाची कागदपत्रं लागतात आणि सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटला कुणी हात लावत नाही.

एआयने हे काम जाईल का? २०१६ मध्ये एआयच्या जनकांपैकी एक मानले जाणारे जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट घडवणंच थांबवावं असं म्हटलं होतं. ती वेळ आली नाही. दुसरीकडे, १५ वर्षांवरच्यांच्या टीबी तपासणीत छातीचा एक्स-रे माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वाचला तरी चालेल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली, आणि या कामात पुढे असलेली क्युअर डॉट एआय ही कंपनी मुंबईचीच. हातात धरायच्या एक्स-रे मशीन घेऊन टीबीच्या मोहिमा आता गावात जातात, तिथे फिल्म वाचायला डॉक्टर नसतो, सॉफ्टवेअर असतं. पण एक्स-रे काढायला माणूस लागतोच आणि वेणीची सावली टाळायचं काम अजून त्याच्याकडेच आहे. माझा अंदाज असा की धोका आहे तो ठरलेला प्रोटोकॉल निवडून 'स्टार्ट' करणाऱ्याला. एका जागी बसलेला अनुभवी माणूस दूरवरच्या दोन-तीन मशीन चालवतो, हे सुरू झालेलंच आहे. त्या दूरच्या खोलीत पेशंटजवळ कोण असेल आणि बसलेल्या खुर्चीत कोण असेल, हे शिक्षणाने ठरेल.

कोर्स आणि कॉलेज

महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा, हा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात रेडिओलॉजीची शाखा घेता येते, तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत तो असेल तर पहिली पसंती त्यालाच द्यावी, फी कमी आणि पेशंट अफाट. अभिमत आणि खासगी विद्यापीठांत बी.एस्सी. मेडिकल इमेजिंग किंवा रेडिओग्राफी अशा नावांनी पदव्या मिळतात. डिप्लोमे आहेत, आणि सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटांचं तर पीक आहे.

या गोंधळाला आळा घालायला २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी आयोगाचा कायदा केला. इमेजिंग त्यात येतं. या कायद्यात दोन पायऱ्या आहेत: खालच्या पायरीला किमान दोन हजार तासांचं शिक्षण, वरच्या पायरीला, म्हणजे पदवीधर व्यावसायिकाला, किमान तीन हजार सहाशे तासांचं. तुमच्यासमोरचा कोर्स किती तासांचा आहे हे विचारा आणि यात कुठे बसतो ते बघा. प्रवेशाचे नियम सध्या बदलत्या अवस्थेत आहेत, तेव्हा शेजारच्या दादाला कसा प्रवेश मिळाला यावर जाऊ नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

पण कागद सगळे बरोबर असूनही कोर्स पोकळ असू शकतो. इमारत नवी, स्मार्ट क्लासरूम, आणि रुग्णालय म्हणजे चाळीस खाटा आणि एक एक्स-रे मशीन. सीटी 'टाय-अप'वर, तेही बारा किलोमीटर लांबच्या सेंटरमध्ये, जिथे मालक विद्यार्थ्यांना कन्सोलजवळ फिरकू देत नाही. फी भरण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात नाही, रेडिओलॉजी विभागात जा. सकाळी दहा ते बारा ही वेळ बरी. बाहेरच्या बाकांवर किती पेशंट बसलेत ते बघा. कुठली मशीन त्यांची स्वतःची आहेत, दाराशी एईआरबीचा परवाना लावलाय का, काम करणाऱ्यांच्या छातीवर बॅज आहे का, विद्यार्थ्यांना बॅज मिळतो का, हे विचारायला लाजू नका. रात्रपाळीला विद्यार्थी असतात का हेही विचारा, कारण अपघाताचे पेशंट रात्रीच येतात आणि मानेला पट्टा लावलेल्या माणसाचा एक्स-रे मान न हलवता कसा काढायचा, हे दिवसा शिकवून कळत नाही.

मग चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. त्यांना एवढंच विचारा की गेल्या आठवड्यात तू स्वतः किती पेशंट पोझिशन केलेस, आणि चुकलेला एक्स-रे पुन्हा घ्यायचा की नाही हे कुणी समजावून सांगितलं का. "सर करतात, आम्ही लांबून बघतो" असं उत्तर दोघा-तिघांकडून आलं, तर फी कितीही कमी असो, दुसरं कॉलेज बघा.